रीडिंग जुळवू नका

आमच्या प्रयोगशाळेत गुरुत्व त्वरणाची किंमत कायम ९.८ येते. बॅच कुठलीही असो, लंबकाचा दोरा सरळ असो की पीळ पडलेला, स्टॉपवॉचचं बटण अडकत असो, जर्नलच्या शेवटच्या ओळीत ९.८ हजर. फार तर ९.७९. जुन्नर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. कोऱ्या उत्तरपत्रिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण या ९.८ ने मला जितकं अस्वस्थ केलं तितकं त्यांनीही केलेलं नाही.

हे ९.८ येतं कसं? मुलं आधी उत्तर धरतात. मग ते सूत्रात घालून प्रत्येक लांबीला वीस आंदोलनांना किती सेकंद लागायला हवेत ते कॅल्क्युलेटरवर काढतात. ६० सेंटिमीटरला ३१.१, ८० ला ३५.९, १०० ला ४०.१. मग खरं वाटावं म्हणून एखाद्या आकड्यात पॉइंट एक-दोनचा फरक करतात. रीडिंग जुळवलं, की प्रॅक्टिकल झालं. मुलं हे लपवतही नाहीत, कारण त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटतच नाही. पुस्तकात ९.८ दिलंय, आपलं त्याहून वेगळं आलं म्हणजे आपलं चुकलं, आणि चुकलेलं दाखवायचं कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब असतो.

मी या मुलांना लबाड म्हणणार नाही. विज्ञानाबद्दलची त्यांची समजूतच तशी झालेली आहे. थोर माणसांनी उत्तरं आधीच शोधून ठेवली आहेत आणि आपण फक्त आपलं उत्तर त्यांच्याशी जुळवायचं, म्हणजे विज्ञान शिकलो. दहावीनंतर शाखा निवडण्यापासून पदवीनंतर नोकरी शोधण्यापर्यंत मुलांच्या आणि पालकांच्या मनात ज्या चुकीच्या कल्पना असतात, त्यांतल्या बऱ्याचशा या एका समजुतीतून फुटलेल्या आहेत, असं माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे.

काही वर्षांपूर्वीची एक मुलगी आठवते. तिने दोरा ८० सेंटिमीटर ठेवून वीस आंदोलनं मोजली. ३६.४ सेकंद आले. गणित केलं तर उत्तर ९.५३. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं ९.८ एव्हाना येऊन गेलं होतं आणि तो जर्नलवर सही घ्यायला उभा होता. ही पुन्हा मोजायला बसली. पुन्हा ३६.४. खोडरबर हातात घेतलं तेव्हा मी तिला थांबवलं. आकडा राहू दे, म्हटलं, सगळ्या लांब्यांची रीडिंग्ज घे आणि आलेख काढ. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग. बिंदू अगदी छान एका रेषेत आले, पण रेषा आरंभबिंदूतून जाईना. मागे वाढवली तर ती आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे, दोन सेंटिमीटरवर कापत होती. "मॅडम, याच्यावरून तर लांबी शून्य केली तरी लंबक वेळ घेतोय," ती म्हणाली. मी काही बोलले नाही. तिने लंबक काढून हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि दोरा संपतो तिथपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत पट्टी धरली. दोन सेंटिमीटर. तिने नुसता दोरा मोजला होता, हुक आणि गोळ्याची त्रिज्या राहून गेली होती. ते दोन सेंटिमीटर मिळवल्यावर उत्तर ९.७७ आलं.

शेजारच्या मुलाचा आलेख आरंभबिंदूतून जाणारा, देखणा होता. जाणारच, तो सूत्रातूनच काढलेला होता. लंबकाची लांबी कुठून कुठपर्यंत धरायची हे त्याला त्या दिवशी कळलं नाही आणि कळायला वावही नव्हता. हिने ते स्वतः शोधलं. शिवाय तिला आणखी एक गोष्ट मिळाली. लांबीतली चूक सगळीकडे सारखीच असेल तर रेषेचा चढ बदलत नाही, आणि चढावरून काढलेली किंमत लांबी चुकलेली असतानाही बरोबर येते. आलेख का काढायचा, हे वर्षभर फळ्यावर सांगून जे उतरत नाही ते तिला एका दुपारी उमगलं. मार्क मात्र दोघांना सारखेच पडले.

न जुळणाऱ्या आकड्याला किती किंमत असते याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण लॉर्ड रॅले यांचं आहे. इंग्लंडमध्ये ते वायूंची घनता मोजण्याचं अतिशय चिकाटीचं काम करत होते. हवेतून ऑक्सिजन आणि इतर वायू काढून टाकून उरलेला नायट्रोजन लिटरला साधारण १.२५७ ग्रॅम भरे, आणि संयुगांपासून रासायनिक रीतीने तयार केलेला साधारण १.२५१ ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. आमच्या प्रयोगशाळेत हा फरक खोडरबरच्या एका फटक्यात नाहीसा झाला असता. आकडे जुळत नाहीत हे रॅले यांनी १८९२ मध्येच 'नेचर' या नियतकालिकात जाहीरपणे छापलं आणि याचं कारण कोणाला सुचतं का, असं वाचकांना विचारलं. पुढे विल्यम रॅमसे यांच्याबरोबर केलेल्या कामातून त्या अर्ध्या टक्क्यामागे दडलेला एक नवाच वायू सापडला, आर्गॉन. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळजवळ एक टक्का तो असतो आणि तोवर त्याचा पत्ता कोणालाच नव्हता. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज स्टीलच्या वेल्डिंगसाठी फॅब्रिकेशनच्या दुकानात आर्गॉनचं सिलिंडर उभं असतं. मुलांनी ते पाहिलेलं असतं. त्या सिलिंडरची गोष्ट मी दर वर्षी सांगते.

उत्तरं तयारच आहेत असं एकदा मानलं, की ती ज्याला झटपट येतात तो हुशार ठरतो, आणि विज्ञान हे हुशारांचं राखीव कुरण होतं. दहावीला पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर असलेल्याने सायन्सच घ्यायचं आणि साठ टक्केवाल्याने त्या वाटेला जायचं नाही, हे घराघरात ठरलेलं असतं. मुलाला काय आवडतं हा प्रश्न दोन्हीकडे कोणी विचारत नाही. साठ टक्क्यांच्या मुलाला त्यातून आपण कमी आहोत असा निकाल मिळतो, तर नव्वद टक्क्यांच्या मुलीला भूगोल किंवा अर्थशास्त्र मनापासून आवडत असलं तरी ते घेण्याची मुभा राहत नाही.

गणिताच्या बाबतीत हे फारच टोकाला गेलेलं आहे. "मॅडम, आमच्या घरात कोणाच्याच डोक्यात गणित नाही," असं मुलं रक्तगट सांगावा तसं सांगतात. स्पर्धा परीक्षांनी यात भर घातली. सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून शंभर प्रश्न दीड तासात सोडवायचे असतात. तिथे वेग लागतोच आणि त्याचा सराव करावा, त्याला माझा विरोध नाही. पण तो त्या परीक्षेचा गुण झाला. विषयाचा स्वभाव तसा नाही. भाकरी थापायला शिकताना पहिल्या कितीतरी भाकऱ्या काठाला चिरतात, तव्यावर टाकताना मोडतात, तेव्हा कोणतीही आई मुलीला तुझ्या हातात भाकरीच नाही असं म्हणत नाही. अपूर्णांकाच्या दहा गणितांत सहा चुकली की आपण मुलांना नेमकं तेच सांगतो.

देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर मुलांना माहीतच नसतात. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही, शाळेत शिकवून उरलेल्या वेळात हा माणूस आकड्यांशी खेळत बसे. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लिहा, ५४३२, मग चढत्या क्रमाने, २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करा: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं. कुठल्याही आकड्यापासून निघा, सात पायऱ्यांच्या आत तिथेच पोहोचता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि जगभर त्यांचं नाव झालं. मी हे वर्गात करायला देते तेव्हा 'डोक्यात गणित नसलेली' मुलंही तास संपल्याची घंटा झाली तरी वजाबाक्या करत असतात. त्यांना येतंय ते गणितच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

गणिताची ही भीती मुलांना जीवशास्त्राकडे ढकलते. 'पीसीबी ग्रुप' घेतला की सुटलो, ही समजूत तर सर्रास. नीटच्या ७२० पैकी १८० मार्क भौतिकशास्त्राचे असतात आणि ते प्रश्न गणिताशिवाय सुटत नाहीत, हे अनेकांना बारावीच्या दिवाळीनंतर कळतं. पुढे बीएस्सी अ‍ॅग्रीला जा की बायोटेक्नॉलॉजीला, संख्याशास्त्र समोर उभं राहतंच. खताच्या दोन मात्रांपैकी कोणती खरंच चांगली आणि कोणती केवळ योगायोगाने चांगली दिसली, हे ठरवायचं कसं? ज्याला जीवशास्त्राची ओढ आहे त्याने ते जरूर घ्यावं. गणितापासून पळायला म्हणून घेतलं तर गणित आणखी वाईट वेळी गाठतं.

आमच्या भागाचं एक भाग्य आहे. नारायणगावहून खोडदकडे निघालं की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमधून अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय आकारात दूरवर पसरलेल्या. दूरच्या दीर्घिकांकडून आणि स्पंदकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी इथे टिपल्या जातात आणि जगभरचे शास्त्रज्ञ ही दुर्बीण वापरतात. आमची मुलं या तबकड्या बघत लहान झाली आहेत. आणि तरीही विचारलं तर म्हणतात, "तिथं आपलं काय काम मॅडम, ते आयआयटीवाल्यांचं."

एकदा एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाने मला विचारलं, तबकडी तर नुसती जाळी आहे, पाऊस आरपार पडतो, मग लहरी कशा अडतात? मला त्या वर्षभरात कोणी विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. मी त्याला जाळीचं माप आणि लहरीची लांबी यांची तुलना करायला लावली. या दुर्बिणीला ज्या लहरी हव्यात त्या साधारण वीस सेंटिमीटरपासून दोनेक मीटरपर्यंत लांबीच्या. जाळीची छिद्रं एक ते दोन सेंटिमीटरची. छिद्र लहरीच्या मानाने खूप लहान असलं तर लहरीच्या दृष्टीने ती जाळी जवळजवळ भरीव पत्र्यासारखीच वागते आणि लहर परत फिरते. प्रकाशाच्या लहरी मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणून आपल्याला जाळीतून पलीकडचं आभाळ दिसतं. आता दुसरी बाजू. जाळी असल्यामुळे वारा बराचसा आरपार निघून जातो, तबकडीवर जोर कमी येतो, म्हणून खालचा सांगाडा हलका चालतो, म्हणून खर्च आवाक्यात राहतो. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टीलच्या दोरांवर तारांची बारीक जाळी ताणून बसवण्याची ही रचना इथे उभी केली, आणि त्यामुळे एवढी मोठी दुर्बीण आपल्या देशाला परवडली.

हे ऐकल्यावर तो मुलगा म्हणाला, "म्हणजे आमच्या मांडवासारखंच ताणलंय." द्राक्षाचा मांडव तारा ताणूनच उभा राहतो, त्यात ताण कुठे कमी पडला की काय होतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याच्याकडे आधीच असलेल्या या ज्ञानाचा अकरावीच्या पुस्तकातल्या प्रत्यास्थतेच्या धड्याशी काही संबंध आहे, हे मात्र त्याला तोवर कोणी दाखवलं नव्हतं.

या मुलाला पुढे काय व्हायचं होतं? कॉम्प्युटर. वर्गातल्या बहुतेकांना कॉम्प्युटरच हवं असतं. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलचं नाव काढलं की "त्याला स्कोप नाही" हे वाक्य येतं, आणि ते कुठून आलं असं विचारलं तर कोणाच्या तरी मावसभावाचं नाव निघतं. संगणकशास्त्र हा सुंदर विषय आहे, ज्याला त्याची ओढ आहे त्याने तो घ्यावा. पण तंत्रज्ञान म्हणजे एसी ऑफिसात लॅपटॉपसमोर बसणं, हे समीकरण मला मान्य नाही. खोडदची एक अँटेना चालवायला काय काय लागतं ते मोजा. शेकडो मीटर वेल्डिंग, ती प्रचंड तबकडी सावकाश फिरवणाऱ्या मोटारी आणि गिअर, अतिशय क्षीण लहर पकडणारे रिसीव्हर, तीसही अँटेनांचे संदेश एकत्र आणणारी ऑप्टिकल फायबर, आणि शेवटी तो सगळा डेटा हाताळणारे संगणक. कॉम्प्युटर त्यात आहे, सगळ्यात शेवटी.

याच्याच जोडीला डिप्लोमाबद्दलचा कमीपणा. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेला मुलगा 'सायन्सला टिकला नसता' म्हणून गेला, असं नातेवाईक धरून चालतात. तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे कितीतरी पालकांना माहीत नसतं. त्या मुलाने तोवर लेथवर काम केलेलं असतं, मायक्रोमीटर हाताळलेला असतो. बारावीचा मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ही यंत्रं प्रथमच पाहतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही असं आढळलं, म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, आज व्हीजेटीआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत शिकवू लागले, नंतर बेळगावला सायकलचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते अशी भीती शेतकऱ्यांना होती, तीही त्यांना दूर करावी लागली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे सगळं घडलं ते शिकलेलं हाताने करून पाहणाऱ्या माणसाकडून.

बीएस्सीला तर आपण शिक्षाच करून ठेवलंय, कुठेच नंबर लागला नाही की घ्यायची. पुण्यात २००६ पासून आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहे, तिथे पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे, त्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून विज्ञान ऑलिंपियाडचं काम चालतं. पुण्यापासून दोन-अडीच तासांवर राहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना ही नावं अकरावीच्या शेवटापर्यंत ऐकूनही माहीत नसतात. क्लासच्या जाहिरातीत ती नसतात, एवढंच त्याचं कारण.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या वर्गात तीच जास्त आहेत. अकरावीला पुस्तक इंग्रजी होतं आणि पहिले दोन महिने ही मुलं गप्प होतात. आपल्याला सायन्स जमणार नाही, असं त्यांना वाटू लागतं. खरं तर अडत असते ती भाषा. मग सुटका म्हणून ती इंग्रजी व्याख्या तोंडपाठ करतात, अर्थ बाजूला राहतो. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर महापालिकेच्या शाळेतून मराठीत शिकलेले. शाळेतल्या भावे सरांनी बहिर्गोल भिंगाने ऊन एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला, त्या प्रसंगाने आपल्याला विज्ञानाकडे वळवलं, असं ते स्वतः सांगत आले आहेत. तो प्रयोग कुठल्या भाषेत झाला याने भिंगाला काही फरक पडला नाही.

मी वर्गात विचारते, विहिरीवरची मोटार सुरू केली की घरातले दिवे क्षणभर मंद का होतात? सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ओहमचा नियम सगळ्यांना इंग्रजीतून पाठ असतो. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटलेल्या नसतात. मोटार उचलताना नेहमीच्या कितीतरी पट विद्युतधारा ओढते, खांबापासून घरापर्यंतच्या तारेला थोडा का होईना रोध असतो, धारा वाढली की त्या तारेतच जास्त व्होल्टेज खर्ची पडतं आणि दिव्याच्या वाट्याला कमी उरतं. हे मुलं मराठीत बोलून स्वतः काढतात. काढलं की मग मी ते इंग्रजीत लिहायला लावते, कारण पेपर इंग्रजीत आहे. आधी समजणं, मग लिहिणं, हा क्रम ज्यांनी धरला त्यांची इंग्रजी दिवाळीपर्यंत रुळावर येते. उलट्या क्रमाने गेलेली मुलं दोन्हीकडून राहतात.

मुलींची गोष्ट मला फार लागते. प्रयोगाला चार-पाच जणांचा गट केला, की मुलगे जोडणी करायला घेतात आणि मुली रीडिंग लिहायला बसतात. कोणी सांगितलेलं नसतं, आपोआप होतं. बारावी संपते तेव्हा वर्गातल्या सर्वांत नेटक्या जर्नलांच्या मालकिणींनी मीटर ब्रिजचा एक स्क्रूही आवळलेला नसतो, आणि मग मुलींना यंत्रातलं कळत नाही असं म्हणायला लोक मोकळे. मी आता मुलींचे गट वेगळे करते आणि जोडणी त्यांनाच करायला लावते. पहिल्यांदा गॅल्व्हॅनोमीटरचा काटा उलट्या बाजूला जातो, त्या घाबरतात, मग तारा बदलून बघतात.

१९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तेव्हा मुलगी म्हणून त्यांना नकार मिळाला. संस्थेचे संचालक साक्षात सी. व्ही. रामन होते. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर काम पाहू आणि मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतलं गेलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवून दिलं होतं. मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, गरिबांच्या पोषणाला ती कशी उपयोगी पडेल यासाठी. रामन यांच्यासारख्या माणसाची या बाबतीतली समजूतही चुकीची होती, आणि ती एका मराठी मुलीने कामातून खोटी पाडली. आपल्या मुलीला मेकॅनिकल किंवा फिजिक्स नको म्हणणाऱ्या वडिलांना मी ही हकीकत ऐकवते.

आणि आता मोबाइल. फोनला प्रश्न विचारला की तो पायऱ्यांसकट गणित सोडवून देतो, मग आम्ही शिकायचं कशाला, असं मुलं विचारू लागली आहेत. विज्ञान म्हणजे तयार उत्तरं असंच मानलं तर त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. पण लंबकाच्या प्रयोगातल्या त्या मुलीच्या टेबलावर ३६.४ का आलं, हे कुठल्याही फोनला आपणहून सांगता आलं नसतं, कारण हुक मोजायचा राहिला हे त्याला कोण सांगणार होतं? समोरच्या वस्तूकडे पाहायचं कसं आणि आलेल्या उत्तरावर शंका घ्यायची कशी, हे शिकण्याची गरज या यंत्रांमुळे वाढली आहे. आणि हे शिकायची जागा प्रयोगशाळा आहे.

नेमकी तीच आज ओस पडली आहे. मुलं नाव एका कॉलेजात घालतात आणि वर्षभर शहरातल्या क्लासला जातात. प्रॅक्टिकलला कोणी फिरकत नाही, परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात कोणाचं तरी जर्नल उतरवून घेतात आणि तीस मार्कांपैकी बहुतेक पदरात पाडून घेतात. परीक्षा मंडळाकडे माझी मागणी आहे की प्रयोगाचे मार्क उत्तर किती जवळ आलं याला देऊच नयेत. विद्यार्थ्याने काय मोजलं, त्यात चूक कुठे असू शकते आणि ती त्याने कशी तपासली, याला द्यावेत. माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना विनंती आहे की ९.४ किंवा १०.१ लिहिणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर शाबासकी द्या आणि मग त्याच्याबरोबर बसून कारण शोधा.

अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे कॉलेजची पायरी न चढताच पसंतीक्रम भरून मोकळं होता येतं. पालकांनी तसं करू नये. गेल्या वर्षीचे टॉपर दाखवणारा फलक दारातच असेल, तो बघून आत जा आणि प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. एका उपकरणावर किती मुलं असतात, आठवड्याला प्रॅक्टिकलचे किती तास प्रत्यक्ष होतात, मुलींना जोडणी करू देतात का, हे विचारा. प्राचार्यांशी बोलाच, पण प्रयोगशाळा सहायक भेटला तर त्याच्याशीही दोन मिनिटं बोला. कुलूप वर्षातून किती वेळा निघतं हे त्याला बरोबर माहीत असतं.